लॉक्स: बट किती जाड, पीळ किती घट्ट

लॉक्स (ड्रेडलॉक्स) म्हणजे केस गुंतून झालेल्या दोरीसारख्या बटा. आफ्रिकी वंशाच्या दाट कुरळ्या केसांत त्या लवकर धरतात. प्रत्येक केस स्प्रिंगसारखा वळलेला असतो आणि गळलेला केसही बटेतच अडकून राहतो. (आपल्याकडची जट वेगळी. तिथे ना भांग आखलेले, ना धुणं.)

दोन-तीन इंच केस असतील तर कंगव्याने पीळ देऊन कॉइल (स्प्रिंगसारखी एकपदरी गुंडाळी) करा, चार इंचांपुढे दोनपदरी पीळ. कुरळेपणा सैल असेल तर कॉइल पहिल्या धुण्यातच सुटतात, म्हणून तिथेही दोनपदरीच बरा.

पेन्सिलीएवढ्या जाड बटेला टाळूवर भांगाने साधारण अर्ध्या इंचाचा चौकोन पाडा. फार बारीक चौकोन आज छान दिसतो, पण लांबी वाढली की वजनाने मूळ झिजतं आणि बट तुटते.

पहिले दोन-तीन आठवडे धुऊ नका. नंतर पातळ, थर न सोडणारा शाम्पू वापरा. मेण अजिबात नको. ते पाण्याने निघत नाही, कापसाचे तंतू धरतं आणि गाभ्यात करडा थर बसतो. धुतल्यावर एकेक बट टॉवेलमध्ये दाबून पिळा, मग ड्रायर. आत ओल राहिली की कुबट वास येतो, आणि तो सहजी जात नाही.

मुळांशी वाढलेले नवे केस चार-सहा आठवड्यांनी, एकाच दिशेने पिळा. त्याच वेळी शेजारच्या बटा बोटांनी सोडवा, नाहीतर त्या जुळतात. पिळल्यावर टाळू ठणकली किंवा पुटकुळ्या आल्या तर पीळ सैल करा. ताणाने कपाळाकडचे केस सर्वांत आधी विरळ होतात. झोपताना सॅटिनची टोपी.