एनसीएलटीत काम सुरू करताय? आधी बारीक पुस्तकं घ्या

मुंबईत एनसीएलटीपुढे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, दिवाळखोरीचं काम करायचं ठरवलेल्या नव्या वकिलाचा पहिला प्रश्न हमखास एकच असतो: कॉमेंटरी (कायद्यावरचा जाड भाष्यग्रंथ) कुठली घेऊ? माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. सुरुवातीला घेऊच नका. ती सिनिअरच्या चेंबरमध्ये असतेच, तिथे बसून वाचा. स्वतःच्या पैशाने घ्यायचा तो ताजा बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे भाष्याशिवायचा नुसता मूळ कायदा. तोही नुसत्या दिवाळखोरी संहितेचा नको. नियम, विनियम आणि सगळे फॉर्म असलेला हवा.

ज्युनिअरच्या वाट्याला युक्तिवाद येत नाही, फायलिंग येतं. आणि फायलिंगचं गाडं नियमांवर चालतं. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचं कलम ७ सांगतं की वित्तीय धनको (कर्ज देणारी बँक वगैरे) अर्ज करू शकतो. तो कोणत्या फॉर्ममध्ये, किती फी भरून, हे मात्र त्याच वर्षीच्या अर्जविषयक नियमांत सापडतं. बँकेला फॉर्म १ आणि २५ हजार रुपये. माल देऊन पैसे अडकलेल्या पुरवठादाराला कलम ९ खाली फॉर्म ५ आणि २ हजार रुपये. बरं, एवढ्यावर भागत नाही. या नियमांतला नियम १० आपल्याला एनसीएलटीच्या स्वतःच्या नियमांकडे पाठवतो, आणि अर्ज कसा मांडायचा, कसा सादर करायचा हे तिथे आहे. कफ परेडच्या रजिस्ट्रीने, म्हणजे एनसीएलटीच्या मुंबईतल्या कार्यालयाने, अर्जात डिफेक्ट (त्रुटी) काढला की आधी तिथेच बघायचं असतं.

फॉर्मच्या बाबतीत एक गंमत आहे, ती पहिल्याच आठवड्यात कळलेली बरी. कंपनीच्या निराकरण प्रक्रियेच्या विनियमांत फॉर्म सी म्हणजे वित्तीय धनकोने आरपीकडे (प्रक्रिया चालवणाऱ्या निराकरण व्यावसायिकाकडे) करायचा दावा. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत. त्यांत फॉर्म सी म्हणजे धनकोचा कलम ९५ खालचा अर्ज. सिनिअर घाईत नुसतं ‘फॉर्म सी तयार कर’ म्हणून निघून जातात. अशा वेळी कुठल्या नियमांतला, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावं.

आता मुदतीचं उदाहरण घेऊ, कारण सगळी पुस्तकं एका टेबलावर का लागतात ते त्यातून नीट कळतं. एनसीएलटीचा आदेश विरोधात गेला. कलम ६१ प्रमाणे अपिलाला ३० दिवस, आणि पुरेसं कारण असेल तर अपील न्यायाधिकरण आणखी १५ दिवस देऊ शकतं. त्यापुढे एकही नाही. पण दिवस मोजायचे कधीपासून? एनसीएलटी नियमांतला नियम ५० सांगतो की पक्षकारांना प्रमाणित प्रत विनामूल्य पाठवली जाईल. तेवढाच वाचणारा माणूस प्रतीची वाट बघत बसतो. अपील न्यायाधिकरणाच्या नियमांतला नियम २२ अपिलासोबत प्रमाणित प्रत मागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व्ही. नागराजन प्रकरणात हे दोन्ही एकत्र वाचून सांगितलं की मुदत आदेश सुनावल्यापासून सुरू होते आणि प्रतीसाठी अर्ज करणं हे तुमचं काम आहे. फुकटच्या प्रतीची वाट पाहिली ही सबब चालणार नाही. पुढे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं, आदेश कोर्टात सुनावलाच नसेल, थेट अपलोड झाला असेल, तर अपलोडच्या तारखेपासून मोजा. म्हणजे एक कलम, दोन नियम, दोन निकाल. माझ्या बेअर अ‍ॅक्टमध्ये कलम ६१ च्या बाजूला हे चारही संदर्भ पेन्सिलीने लिहिलेले आहेत, आणि कुठल्याही छापील सूचीपेक्षा मला तेच जास्त उपयोगी पडतात.

कॉमेंटरीबद्दल माझी तक्रार तिच्या दर्जाची नाही, वयाची आहे. फोर्टमधल्या कायद्याच्या दुकानांत किंवा रस्त्यावर जुनी आवृत्ती स्वस्तात मिळते आणि मोह होतो. २०२० च्या आधीची असेल तर थकबाकीची किमान मर्यादा त्यात १ लाख रुपये असेल. २४ मार्च २०२० च्या अधिसूचनेने ती १ कोटी झाली. २०२२ च्या अखेरची असेल तर नागपूरकडच्या विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरच्या निकालावर त्यात पानंच्या पानं असतील: थकबाकी सिद्ध झाली तरी कलम ७ चा अर्ज दाखल करून घेणं न घेणं एनसीएलटीच्या विवेकावर, असा त्याचा सूर. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तो निकाल त्याच्या विशिष्ट वस्तुस्थितीपुरता आहे. म्हणून कुठलंही जाड पुस्तक उघडलं की आधी प्रस्तावनेत बघा, कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा धरलाय. विनियम तर इतक्या वेळा बदलतात की ते आयबीबीआयच्या, म्हणजे दिवाळखोरी क्षेत्राच्या नियामक मंडळाच्या, संकेतस्थळावरूनच घ्यावेत. तिथे ताज्या दुरुस्त्यांसह फुकट आहेत.

नमुन्यांची पुस्तकं चाळायला ठीक. त्यातला मसुदा उचलून चिकटवू नये, एवढंच.

निकाल मात्र डायजेस्टमधून (सारांशांच्या पुस्तकातून) नव्हे, पूर्ण वाचा. सुरुवातीला दोन पुरेत, दोन्ही २०१७ चे. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजविरुद्ध आयसीआयसीआय बँक: कंपनीने महाराष्ट्राच्या १९५८ च्या रिलीफ अंडरटेकिंग्ज कायद्याची ढाल पुढे केली आणि संहितेला इतर कायद्यांपेक्षा वरचढ ठरवणाऱ्या कलम २३८ पुढे ती टिकली नाही. दुसरा मोबिलॉक्स. पुरवठादाराच्या नोटिशीआधीपासून खरा वाद होता की नाही हे कसं तपासायचं, ते त्यात आहे. कलम ९ ची तुमची निम्मी मॅटर्स याच प्रश्नावर फिरतील.

विनियम कोरडे वाटतात, वाटणारच. त्यावर माझा उपाय म्हणजे पेपर. कंपनीची प्रक्रिया सुरू झाली की फॉर्म ए मधली जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात द्यावी लागते, त्यामुळे मराठी पेपरात ती अधूनमधून दिसते. कापून घ्या, विनियम ६ शेजारी ठेवा आणि तारखा जुळवा. अंतरिम आरपीच्या नेमणुकीनंतर ३ दिवसांत सूचना निघाली का, दाव्यांची शेवटची तारीख १४ दिवसांची धरलीय का.

आणि साताऱ्याहून एखादा दुकानदार येऊन ‘मला दिवाळखोरी जाहीर करायचीय’ म्हणाला, तर यातलं काहीच कामाचं नाही. ना त्याची कंपनी, ना कुठल्या कंपनीला हमी. अशा व्यक्तींसाठी संहितेचा भाग अजून लागू केलेला नाही, त्यामुळे त्याला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. मुंबईत राहणारा असेल तर १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालय. तेव्हा मात्र फोर्टमधली ती जुनी, पिवळी पडलेली कॉमेंटरी खुशाल घ्या.