बोन्साय तयार व्हायला किती वर्षं लागतात? वर्षं वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनात बोन्सायसमोर उभं राहिलेला माणूस पहिला प्रश्न वयाचा विचारतो. "किती वर्षांचं आहे हो हे?" उत्तर आलं की लगेच दुसरा प्रश्न, "म्हणजे मला पण तेवढीच वर्षं लागतील?" मला हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे बहुतेकांची वर्षं झाड वाढवण्यात जातच नाहीत. चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे ती फुकट जातात.

हे मी स्वतःच्या गच्चीवर पाहिलं आहे. पन्हाळीजवळच्या भेगेत वडाची दोन रोपं उगवली होती, दोन्ही पेन्सिलीपेक्षा बारीक. भिंत फुटेल म्हणून काढावीच लागली. एक मी हौसेने थेट बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये लावलं, रोज त्याचे शेंडे खुडले, पानं छाटली. दुसऱ्याला जागा नव्हती, ते एका फुटक्या ड्रममध्ये मातीत खोचून दिलं आणि पाण्यापलीकडे त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सहा वर्षांनी ट्रेमधल्या वडाचं खोड करंगळीएवढं होतं, ड्रममधल्याचं मनगटाएवढं. वय तेच, भिंत तीच, ऊनपाणीही तेच.

पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक ही: ट्रेची घाई.

खोड जाड कशाने होतं, ते नीट समजून घ्या. सालीच्या आत एक पातळ जिवंत थर असतो, तो दर हंगामात लाकडाचा नवा थर चढवतो. त्यासाठी लागणारं अन्न पानं करतात आणि पाणी-क्षार मुळं आणतात. पानं जितकी जास्त आणि मुळांना जागा जितकी मोकळी, तितकं खोड भरतं. उथळ ट्रेमध्ये आपण मुळांची जागा आवळतो, शेंडे खुडून पानंही कमी ठेवतो. झाड जगतं, हिरवंगार दिसतं, पण जाड होणं जवळजवळ थांबतं. ट्रे आहे ती तयार झाडासाठी. झाड घडवायचं असतं ते जमिनीत, मोठ्या कुंडीत, ड्रममध्ये किंवा भाजीच्या जाळीदार क्रेटमध्ये. क्रेट मला सगळ्यात आवडतो, कारण मुळाचं टोक जाळीतून बाहेरच्या हवेला लागलं की सुकतं आणि मागून नवी बारीक मुळं फुटतात. गोल कुंडीसारखी मुळं गरगर फिरत बसत नाहीत.

आता आकडे. आपल्या हवेत, माझ्या अनुभवात, जाड फांदीच्या कटिंगपासून केलेलं नांदरुक (वडाच्याच कुळातलं झाड) चार-पाच वर्षांत ट्रेमध्ये बघण्यासारखं होतं आणि दहा-बारा वर्षांत 'प्रौढ' म्हणता येईल असं. बारीक रोपापासून केलेल्या वडाला बारा ते पंधरा वर्षं धरा. बियांपासून केलेली चिंच पंधरा-वीस वर्षं घेते, पण तिची मुळातच बारीक असलेली पानं आणि खडबडीत साल पाहिली की एकेक वर्षाचं चीज वाटतं. बोगनवेलीचा जुना, जाड बुंधा मिळाला तर तीन-चार वर्षांतही छान काम होतं. जेड पाच ते सात वर्षांत झाडासारखा दिसू लागतो. हे सगळं आधी मोकळं वाढू दिलं तर. पहिल्या दिवसापासून ट्रेमध्ये कोंडलं तर या आकड्यांना काही अर्थ नाही.

बियांच्या पाकिटांबद्दल नवशिक्यांना मी नेहमी सांगतो. ऑनलाइन 'बोन्साय सीड्स' म्हणून जपानी मेपल, निळा स्प्रूस, विस्टेरिया विकतात. बोन्सायचं असं वेगळं बी नसतं. वड जंगलातही वडच आणि ट्रेमध्येही वडच. मेपल आणि स्प्रूस ही कडक हिवाळ्याची झाडं, त्यांना दरवर्षी काही आठवडे थंडीची विश्रांती लागते. ठाण्यात किंवा नागपुरात ती त्यांना कुठून मिळणार? बी रुजलं तरी रोप उन्हाळ्यात मान टाकतं आणि माणूस समजतो की आपल्या हाताला गुण नाही. वड, नांदरुक, पिंपरी, उंबर, चिंच, कामिनी, बोगनवेल, जेड इथल्या हवेत आनंदाने वाढतात. पिंपळ हौसेने करा, पण त्याचा लांब देठ आणि मोठं पान लहान झाडात बसवणं अवघड आहे. पहिल्या झाडासाठी नांदरुकच घ्या.

बी न लावता वर्षं वाचवण्याचा आपल्याकडचा उत्तम मार्ग म्हणजे गुटी, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फोडायची आणि मग ती मुळांखालून कापून लावायची. वड-नांदरुकाची अंगठ्याएवढी किंवा त्याहून जाड, आकाराने आवडलेली फांदी निवडा. जून-जुलैत पाऊस लागला की तिच्यावरची साल कड्यासारखी गोल काढा, फांदीच्या जाडीपेक्षा थोडी जास्त रुंद. आतला ओलसर चिकट थर नीट खरवडा, नाहीतर साल परत जुळते आणि मुळं फुटत नाहीत. चीक वाळू द्या, मग भिजवून पिळलेलं मॉस बांधून वर प्लास्टिक गुंडाळा. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. झाडावर ज्या जाडीला पाच-सहा वर्षं लागली असती, ती एका पावसाळ्यात हातात येते. शिवाय मुळं चारी बाजूंनी फुटतात. रोपापासून सुरुवात केली तर तशी मुळं मिळवायला बरीच मेहनत पडते. नांदरुकाची जाड फांदी नुसती खोचली तरी पावसाळ्यात बऱ्याचदा फुटते.

भिंतीतली रोपं काढायची असतील तर मालकाला विचारून काढा. किल्ल्यांच्या तटावरून, देवराईतून, जंगलातून जुनं झाड उपटू नका. ते नियमात बसत नाही, आणि असं ओरबाडून आणलेलं झाड बहुतेक वेळा महिनाभरात मरतं.

मुळांकडे दुर्लक्ष ही अशी चूक आहे जी दहा वर्षांनी दिसते. बोन्सायवाले ज्याला नेबारी म्हणतात, तो बुंध्यापाशी जमिनीवर पसरलेल्या मुळांचा विळखा, तोच झाडाला म्हातारपण देतो. जाड खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं असेल तर ते वीस वर्षांचं असूनही वीस वर्षांचं वाटत नाही. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षीच खाली जाणारं सोटमूळ कापा, बाजूची मुळं सूर्यकिरणांसारखी पसरवा आणि जमिनीत लावताना खाली फरशीचा तुकडा ठेवा. खाली वाट नाही म्हटल्यावर मुळं आडवी पसरतात. हे सुरुवातीला केलं नाही आणि नंतर खंत वाटली, तर बुंध्यालाच गुटी बांधणं हा उपाय उरतो. जमतो, पण तोवर काही वर्षं गेलेली असतात.

यानंतरची चूक कात्रीला घाबरण्याची आहे, आणि ती मायेपोटी होते. ड्रममध्ये वाढलेलं झाड सहा फूट होतं. ते कापायला जीव होत नाही. पण ते जाड व्हावं म्हणूनच उंच वाढू दिलेलं असतं. चांगल्या बोन्सायची उंची साधारणपणे खोडाच्या जाडीच्या सहापट शोभते. बुंधा दोन इंच असेल तर झाड फूटभर. म्हणजे बुंध्यापासून चार-पाच इंचांवर कापायचं, फुटलेल्या कोंबांतला एक शेंडा म्हणून पुन्हा मोकळा वाढू द्यायचा. तो खालच्या खोडाच्या निम्म्याहून जाड झाला की त्यालाही थोडं वर कापायचं. असं दोन-तीनदा केलं की खोड खाली जाड आणि वर निमुळतं होत जातं. प्रत्येक कापणीमागे आपल्या हवेत साधारण दोन वर्षं जातात. 'किती वर्षं लागतात' या प्रश्नातली चार ते सहा वर्षं इथे खर्च होतात, आणि ती वाचवता येत नाहीत. जे लोक एकदाच कापून ट्रेमध्ये बसवतात, त्यांचं झाड खुंटावर उगवलेल्या झुडपासारखं दिसतं. वडासाठी मोठी कापणी फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी फुटायच्या सुमारास किंवा पाऊस स्थिर झाल्यावर करा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये कात्री बाजूला ठेवा.

तार. अॅल्युमिनियमची तार लावून फांदीला वळण देणं सोपं आहे, काढायचं लक्षात ठेवणं कठीण. पावसाळ्यात वडवर्गीय झाडं इतकी भरभर फुगतात की चार-सहा आठवड्यांत तार सालीत रुतते. तो पिळाचा व्रण पुढची कितीतरी वर्षं अंगावर राहतो. तार लावलेल्या दिवसाची तारीख कुंडीवर लिहा. काढताना उलगडू नका, पक्कडीने तुकडे करून काढा, नाहीतर फांदी मोडते.

सगळं एकाच दिवशी करण्याचा उत्साह झाडाला मारतो. रविवारी कुंडी बदलली, मुळं छाटली, तार लावली, वरून सगळी पानं काढली, आणि पंधरा दिवसांनी फांद्या काळ्या पडल्या. मुळं छाटल्यावर झाडाला सावली आणि दोन-तीन महिने शांतता द्या. पानं लहान करण्यासाठी सगळी पानं काढण्याची युक्ती फक्त धडधाकट, भरपूर खाल्लेल्या झाडावर करा. खोड अजून घडत असेल तर करूच नका, पानंच त्याचं अन्न आहेत.

माती. काळी माती आणि कोकोपीट भरलेला ट्रे जुलैत डबकं होतो. मुळं गुदमरतात, वरून पानं पिवळी पडतात, माणूस समजतो पाणी कमी पडलं. बारीक फोडून चाळलेले विटेचे तुकडे, जाडसर वाळू आणि थोडं जुनं शेणखत किंवा गांडूळखत असं मिश्रण ठेवा, चाळणीतून पडलेली पूड टाकून द्या. खाऱ्या पाण्याची वाळू नको. खत म्हणून निंबोळी पेंड पुरते. उन्हाळ्यात दोनदा पाणी, पावसात बोटाने माती तपासून.

आणि झाड दिवाणखान्यात ठेवू नका. बोन्साय म्हणजे मोकळ्यावरचं झाडच आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे, 1625 पासून कुंडीत वाढवलेला. 1945 मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो तिथल्या यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत, भिंतीच्या आडोशाला उभा होता, आणि वाचला. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला. त्याने हिरोशिमात काय सोसलं होतं ते 2001 मध्ये त्यांचे नातू भेटायला गेले तेव्हा कळलं. पिढ्यान्‌पिढ्या रोज कुणीतरी त्याला पाणी घातलं. याउलट बाजारातली फुगीर मुळांची, वर कलम केलेली 'जिनसेंग' नांदरुकं वीस वर्षांची म्हणून विकली जातात, त्यांचं वय त्या फुगीरपणावरून ठरवू नका.

नांदरुकाची पानं मिटून गुंडाळलेली दिसली तर आत फुलकिडे असतात. ती पानं तोडून पिशवीत बंद करून टाका.

माझा तो करंगळीएवढा वड अजून आहे. त्याला मी ट्रेमधून काढलं आणि पहिल्या पावसात क्रेटमध्ये लावलं. तुमच्याकडेही ट्रेमध्ये अडकलेलं बारीक झाड असेल तर तेच करा. मुळं थोडी मोकळी करा, क्रेटमध्ये बसवा, बुंध्याला सुतळी गुंडाळून जाडीची खूण करून ठेवा. दोन वर्षं शेंड्याला हात लावू नका. दिवाळीला सुतळी परत गुंडाळून बघा.