सॉफ्टवेअर टाकताना-काढताना या चुका टाळा

एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी पंधरा वर्षं काढली. त्यामुळे नागपुरात मानेवाड्याला आमच्या लेआउटमध्ये कोणाचाही कॉम्प्युटर रुसला की फोन मलाच येतो. "ताई, कालपर्यंत चालू होतं ना. आता इन्स्टॉलच नाही होऊन राह्यलं." स्क्रीनवर काय आलं होतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी ओके करून टाकलं."

ते काहीतरी इंग्रजीत म्हणजेच दुखणं असतं हो! ओके दाबण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. विंडोजच्या अशा संदेशात बहुतेक वेळा चार आकडी नंबर असतो. १६१८ असेल तर दुसरं एखादं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. १६१२ असेल तर मूळ सेटअपची फाइल सापडत नाहीये. १६०३ मात्र लबाड आहे. तो 'काहीतरी बिनसलं' एवढंच सांगतो; मग जागा किती उरली, परवानगी आहे का, जुनी आवृत्ती अडकली का, हे एकेक करून पाहावं लागतं.

फोल्डर डिलीट केला म्हणजे सॉफ्टवेअर निघालं, हा समज

या चुकीवर माझा विशेष राग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या शेजारचे काका इतवारीत किराण्याचा ठोक धंदा करतात. हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर. त्यात १२० जीबीची एसएसडी, आणि ती भरत आली होती. कुठल्याशा व्हिडिओत त्यांना 'जागा मोकळी करायची युक्ती' सापडली: सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत 'इन्स्टॉलर' नावाचा फोल्डर असतो, तो उडवा. हा फोल्डर साधा दिसतसुद्धा नाही. संरक्षित सिस्टिम फाइल्स दाखवा, अशी खूण मुद्दाम बदलावी लागते, तेव्हा कुठे डोळ्यांना पडतो. काकांनी तेवढे कष्ट घेतले. ११ जीबी मोकळे झाले म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते.

पुढच्या महिन्यात हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. सेटअप सुरू झाला, अर्ध्यावर थांबला आणि म्हणाला, तुम्हाला हवी असलेली गोष्ट नेटवर्कवर उपलब्ध नाही. काका म्हणाले, "नेट तर चालू आहे, काऊन असं म्हणून राह्यला?" तारीख होती १८, आणि २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं.

झालं काय होतं? तुम्ही एखादं सॉफ्टवेअर टाकता तेव्हा ते नुसतं एका फोल्डरमध्ये जाऊन बसत नाही. काही फाइल्स 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये, काही 'प्रोग्राम डेटा'मध्ये, काही तुमच्या नावाच्या फोल्डरात लपलेल्या 'ॲप डेटा'मध्ये जातात. या सगळ्याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत होते. आणि ज्या सॉफ्टवेअरचा सेटअप विंडोज इन्स्टॉलर पद्धतीचा असतो, त्याच्या मूळ पॅकेजची एक प्रत विंडोज त्या 'इन्स्टॉलर' फोल्डरात स्वतःकडे ठेवतं. दुरुस्ती, अपडेट, काढणं, सगळं त्या प्रतीवर चालतं. काकांनी वहीतलं खातं तसंच ठेवलं आणि पावत्या जाळल्या. आता नवी आवृत्ती जुनीला काढायला जाते, तर पावती मागते.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तो फोल्डर आणून चिकटवू का, असं त्यांच्या पुतण्यानं विचारलं. नाही चालत. आतल्या फाइल्सची नावं प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळी, वाट्टेल तशी अक्षरं जुळवून केलेली असतात.

मी आधी हिशेबाचा डेटा पेन ड्राइव्हवर काढून घेतला. ही माझी सवयच आहे, घाई कितीही असो. मग जुन्या आवृत्तीचा सेटअप शोधायला लागलो. नेमकी तीच आवृत्ती हवी होती, तिच्या आगेमागेची नाही. शेवटी ती पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये मिळाली. विंडोजनं फाइल कुठे आहे असं विचारलं, तेव्हा ब्राउझ करून तिच्याकडे बोट दाखवलं. मग जुनी आवृत्ती निघाली आणि नवी बसली. रात्रीचा १ वाजला होता. काकूंनी दोनदा चहा केला, तिसऱ्यांदा विचारलंच नाही.

'प्रोग्राम फाइल्स'मधला फोल्डर उडवणाऱ्यांचंही असंच होतं, फक्त त्यांचं दुखणं लवकर बरं होतं. तीच आवृत्ती पुन्हा वरून टाका, मग सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथून रीतसर अनइन्स्टॉल करा. तरीही नाव हटत नसेल तर मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉलसाठीचा ट्रबलशूटर फुकट मिळतो, तो बिघडलेल्या नोंदी साफ करतो. आणि जागाच हवी असेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये 'टेम्पररी फाइल्स' आहेत, त्या काढा. तिथे निदान नक्की काय उडतंय ते दिसतं.

"रोज तर बंद करतो"

रिस्टार्ट केलं का विचारलं की लोक दुखावतात. रोज रात्री शटडाउन करतो म्हणतात. खरं आहे, पण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असली की शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उठतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. पटत नसेल तर टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरमध्ये काय चालू आहे ते दाखवणारा) उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' पाहा. रोज बंद करणाऱ्या एका काकूंचा कॉम्प्युटर १९ दिवस जागा होता. बिचाऱ्याचं जुनं अनइन्स्टॉल तेवढे दिवस रिस्टार्टची वाट पाहत बसलं होतं.

मी काहीही काढल्यावर एकदा आणि नवीन टाकण्याआधी एकदा रिस्टार्ट करते. गरज असो-नसो.

पाच वेळा डबल क्लिक

नव्या पोरांचा हा रोग. सेटअपवर डबल क्लिक केलं, चार सेकंदांत काही दिसलं नाही की पुन्हा क्लिक, पुन्हा क्लिक. मग १६१८ येतो, आणि नाव सॉफ्टवेअरचं खराब. जुनी हार्ड डिस्क असेल तर मिनिटभर तरी थांबा ना भाऊ. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर गर्दीत वीस मिनिटं उभे राहता, इथेच काय घाई सुटते? पट्टी ९९ टक्क्यांवर थांबली म्हणजे अडकलीच असं नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा हलत असेल तर काम चालू आहे. अर्धा तास आकडे मेल्यागत पडले असतील तरच रद्द करा, रिस्टार्ट करा आणि पुन्हा सुरुवात करा. पॉवर बटण दाबून मारू नका.

आणि मे महिन्यात दुपारी मोठं काही टाकायला बसू नका. सगळीकडे कूलर-एसी चालू असतात, लाईन कधी जाईल सांगता येत नाही, आणि ऐन इन्स्टॉलमध्ये लाईन गेली की अर्धवट फाइल्स मागे राहतात. यूपीएस नसेल तर लॅपटॉपची बॅटरी भरून घ्या, नाहीतर पहाटे करा. मी पहाटेच करते.

बाकीच्या, ज्यांवर मला जास्त बोलायचं नाही

झिपच्या आतूनच सेटअप चालवणं. झिप आधी पूर्ण उघडा, नाहीतर सेटअपला सोबतच्या फाइल्स सापडत नाहीत. आठवड्यातून एक फोन याचाच असतो.

३२ बिट विंडोजवर ६४ बिटचा सेटअप. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये 'सिस्टिम टाइप' लिहिलेलं असतं. तीस सेकंदांचं काम.

'डीएलएल (सॉफ्टवेअरला चालायला लागणारी एक फाइल) सापडत नाही' असं आलं की कुठल्याही साइटवरून ती एकच फाइल आणून टाकणं. 'व्हीसीरनटाइम१४०' असं नाव असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' टाका. ६४ बिट कॉम्प्युटरवर एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं) दोन्ही. उलट, इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत याच नावाची सात-आठ दिसतात म्हणून सफाई करायला जाऊ नका. वेगवेगळी सॉफ्टवेअर्स वेगवेगळ्या वर्षांची आवृत्ती वापरतात.

दोन अँटिव्हायरस. एकच पुरे. दुसरा टाकायचा तर पहिला त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलनं काढा.

प्रिंटरची यूएसबी आधी आणि सॉफ्टवेअर नंतर. सेटअप स्वतःहून सांगतो, आता वायर लावा. तोवर धीर धरा.

विंडोज ७ वर नवं क्रोम. नाही बसणार. तिथे १०९ ही शेवटची आवृत्ती होती, २०२३ मध्येच विषय संपला.

रजिस्ट्री क्लीनर. मी वापरत नाही, कोणाला वापरू देत नाही.

क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरवाट. अँटिव्हायरस बंद करा, मग हे टाका, असं सांगणारं कोणतंही सॉफ्टवेअर. त्यानंतर मला फोन करू नका.

"फॉरमॅट मारावं लागेल"

बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात कॉम्प्युटर नेला की पाचव्या मिनिटाला हे वाक्य ऐकू येतं. दुकानदाराचाही दोष नाही म्हणा. त्याला एकेक एरर शोधत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं. पण तिथवर जायचंच असेल तर आधी घरी 'रीसेट धिस पीसी' करून पाहा. ते सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत असतं. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर फोटो आणि कागदपत्रं राहतात, पण तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर्स जातात. हे वाक्य लोक वाचत नाहीत आणि मग हिशेबाचं सॉफ्टवेअर कुठे गेलं म्हणून मला विचारतात. म्हणून मी आधी शंभर पानी वहीत सॉफ्टवेअरची नावं, आवृत्ती आणि लायसन्स की लिहून घेते, आणि सगळे सेटअप पेन ड्राइव्हवर ठेवते. काकांकडेही आता अशी वही आहे. पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईनं लिहिलंय: इन्स्टॉलर फोल्डरला हात लावायचा नाही.