बंगळूरला मुलांना घेऊन जाताय? खोली जांभळ्या मेट्रोजवळ बघा
बेळगावहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी बंगळूरला उतरलं की आपली माणसं रेल्वे स्टेशनाजवळच्या मॅजेस्टिक भागातच लॉज शोधतात. सोबत चौदा-पंधरा वर्षांचं मूल असेल तर तसं करू नका. एम. जी. रोड किंवा इंदिरानगर स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली घ्या. कब्बन पार्क त्याच जांभळ्या मार्गावर आहे. लालबागेसाठी मॅजेस्टिकला उतरून हिरवी मेट्रो धरा. माझी लेक एम. जी. रोडजवळच्या चर्च स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानांत एकटी रमते, दमली की चालत खोलीवर येते, आणि माझ्या जिवाला घोर नसतो. त्यासाठी थोडं जास्त भाडं मी आनंदानं देते.

आधी फोन करून विचारा: जादा गादीचे किती, मोठ्या मुलांचे वेगळे पैसे लागतात का, सकाळी लवकर आलो तर सामान ठेवून घेणार का? आजी बरोबर असतील तर लिफ्टचंही.