शेवटच्या पंधरा मिनिटांत फॉरवर्ड उतरवण्याआधी

मी सोलापुरात मुलींना फुटबॉल शिकवते. मागच्या डिसेंबरात विजापूर रोडकडच्या एका मैदानावर आम्ही एका गोलने मागे होतो आणि बारा मिनिटं उरली होती. मी मधल्या फळीतली आमची सगळ्यात शांत डोक्याची मुलगी बाहेर बोलावली आणि तिसरी फॉरवर्ड आत पाठवली. काठावरच्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. पुढची बारा मिनिटं तिघी फॉरवर्ड समोरच्या पेनल्टी बॉक्सपाशी हात वर करून बॉल मागत होत्या आणि बॉल आमच्याच अर्ध्यात अडकून पडला होता. तो पुढे नेणारी मुलगी माझ्या शेजारी बेंचवर बसलेली होती. दुसरा गोलही आम्हीच खाल्ला. तेव्हापासून बदली कशी ठरवायची ते मी वहीत लिहीत आले आहे. शाळा-क्लबच्या पोरापोरींना शिकवणाऱ्यांसाठी ते इथे मांडते.

कोण आत जाणार हे नंतर ठरवा, आधी कोण बाहेर येणार ते ठरवा. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. 1999च्या चॅम्पियन्स लीग फायनलची आठवण सगळे काढतात: बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून 1-0 ने पुढे, मग मँचेस्टर युनायटेडने शेरिंगहॅमला 67व्या आणि सोल्शायरला 81व्या मिनिटाला उतरवलं, आणि भरपाई वेळेत दोघांनी एकेक गोल केला. पण बाहेर कोण गेलं ते बघा. ब्लूमक्विस्ट हा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा, आणि अँडी कोल हा स्ट्रायकर. दोन्ही गोल कॉर्नरवरून आले आणि दोन्ही कॉर्नर बेकहॅमने घेतले. त्या दिवशी तो मधल्या फळीत खेळत होता आणि शेवटपर्यंत मैदानावर होता. बॉल पुरवणारा हात त्यांनी कापला नाही. मी नेमका तोच कापला होता.

याहून मोठा धडा मला जपानने दिला. 23 नोव्हेंबर 2022, कतारचा वर्ल्ड कप, जर्मनी मध्यंतराला 1-0 ने पुढे. जपानची पहिली बदली कोणती? कुबो हा आक्रमक बाहेर आणि तोमियासू हा बचावपटू आत! मागे तिघं पक्के झाले आणि त्याच जोरावर पुढची जोखीम परवडली. 57व्या मिनिटाला नागातोमो या साइडबॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, जागी मितोमा हा आक्रमक आला, त्याच वेळी असानो हा फॉरवर्डही उतरला. नंतर दोआन, मग दुसऱ्या साइडबॅकच्या जागी मिनामिनो, दोघंही आक्रमकच. 75व्या मिनिटाला मितोमाचा पास, मिनामिनोचा फटका, जर्मनीचा गोलकीपर नॉयरने तो अडवला आणि सुटलेला बॉल दोआनने आत मारला. 83व्या मिनिटाला असानोचा गोल, जपान 2-1. त्या हल्ल्याची सुरुवात एका डिफेंडरने केली असं मी मुलींना सांगते, आणि मला ते मनापासून पटतं.

म्हणून फॉरवर्ड वाढवायचीच असेल तर स्वतःला दोन प्रश्न विचारा. हिच्यापर्यंत बॉल कोण नेणार? आणि बॉल हिसकावला गेला तर मागे कोण उरणार? दोन्ही उत्तरांत मुलीचं नाव आलं नाही तर थांबा. थकलेल्या विंगरच्या जागी ताज्या दमाची विंगर ही साधी बदली पुष्कळदा जास्त कामी येते, कारण समोरची साइडबॅकही तेवढीच थकलेली असते.

वेळेबद्दल ब्रेट मायर्स या अमेरिकी अभ्यासकाने 2012 मध्ये एक नियम मांडला होता: नव्वद मिनिटांच्या सामन्यात मागे असाल तर पहिली बदली 58व्या मिनिटाआधी, दुसरी 73व्याआधी, तिसरी 79व्याआधी. साठ मिनिटांच्या सामन्यात हे साधारण 39, 49 आणि 53 होतं. पुढे कॅनडातल्या संख्याशास्त्रज्ञांनी तो पुन्हा तपासला. संघांची ताकद हिशेबात धरल्यावर ठरावीक मिनिटाची जादू त्यांना दिसली नाही. मी हे आकडे घड्याळासारखे पाळत नाही. पण ते डोळ्यांसमोर असले की शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत हात बांधून बसणं होत नाही. आत गेलेल्या मुलीला सामन्याचा वेग पकडायलाच काही मिनिटं लागतात.

सोलापूरच्या उन्हाचा हिशेब वेगळा. मार्च सरता सरता दुपारी चारलाही मैदान तापलेलं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. अशा दिवशी मध्यंतरालाच एक बदली करा. पाच बदल्यांचा नियम 2020 मध्ये तात्पुरता आला, 2022 पासून कायम झाला. त्यातही खेळ थांबवून बदलीच्या संधी तीनच, मध्यंतर त्यात मोजत नाहीत. आपल्याकडच्या स्पर्धांत मात्र नियम बदलतो, तेव्हा पत्रक आधी वाचा.

बदली मुलगी निरोपही नेते. आमच्याकडे पूर्व भागातल्या मुली मैदानात एकमेकींना तेलुगूत हाक मारतात, बाकीच्या मराठी-हिंदीत. आत जाणारीला एकच वाक्य द्या आणि ते ती मागच्या फळीला कोणत्या भाषेत सांगणार हेही ठरवून द्या. ‘जोर लाव’ हा निरोप नव्हे. ‘त्यांची तीन नंबर वळायला हळू आहे, तिच्या मागे बॉल टाका’ हा निरोप.

सामना बरोबरीत असेल तर मी मधली फळी मोडत नाही. पुढे असलो तर सगळ्यांना मागेही ओढत नाही. एक वेगवान मुलगी पुढे ठेवली की त्यांच्या दोन डिफेंडर तिथेच अडकतात.

आता वहीचं. आक्रमक बदली केलेले सामने नुसते मोजले तर त्यात हरलेलेच जास्त दिसतील, कारण अशी बदली मागे पडलेला संघच करतो. उलट 1999सारखे सामने आठवणीत राहतात आणि फॉरवर्ड उतरवूनही काहीच घडलं नाही असे विसरले जातात. दोन्हींनी फसगत होते. म्हणून एका गोलने मागे असताना, साधारण त्याच मिनिटाला, बदली केलेले आणि न केलेले सामने शेजारी ठेवून बघा. नुसता निकाल नको. बदलीनंतर समोरच्या बॉक्समध्ये आपण कितीदा बॉल घेऊन शिरलो आणि ते आपल्या बॉक्समध्ये कितीदा, हेही लिहा. माझ्या वहीत एक रकाना बदली मैदानात पाऊल टाकण्याआधी भरायचा असतो: ही कोणाच्या जागी चालली आहे आणि हिला बॉल कोण देणार. आता तो बेंचवरची राखीव गोलकीपर भरते, आणि दोन नावं सांगितल्याशिवाय मला पाटी वर करू देत नाही.