मॉरोविंड अर्ध्यावर सोडताय? आधी या चुका टाळा

2002 सालचा मॉरोविंड हा रोल-प्लेइंग कॉम्प्युटर गेम कुणीतरी 'क्लासिक आहे, खेळच' म्हणून गळ्यात मारतो आणि दोन तासांत तो लॅपटॉपवरून उडतो. मी दोनदा उडवला. तिसऱ्यांदा टिकलो. माझी चिकाटी वाढली नव्हती, आधी कुठे माती खाल्ली ते तेव्हा कळलं होतं, एवढंच.

पहिला वैताग सगळ्यांचा सारखाच. सेडा नीन गावात कागदपत्रं आटोपायची, बाहेर पडून जवळच्या गुहेत शिरायचं, समोर एक तस्कर. तुमचा खंजीर त्याच्या छातीतून आरपार जाताना दिसतो आणि त्याला ढिम्म काही होत नाही. सात वार, आठ वार, सगळे फुकट. आपल्याला वाटतं, गेम बिघडलाय. तसं नसतं. पडद्यावर तलवारबाजी दिसली तरी आत फासे पडत असतात.

त्या फाशांचा हिशेब असा: शस्त्राच्या स्किलमध्ये (ते चालवण्याच्या कौशल्यात) ॲजिलिटीचा, म्हणजे चपळाईचा, पाचवा आणि लकचा, म्हणजे नशिबाचा, दहावा हिस्सा मिळवायचा, आणि बेरजेला दमाप्रमाणे 0.75 ते 1.25 ने गुणायचं. ॲजिलिटी 40, लक 40 आणि खंजिराचं स्किल 5 असेल तर बेरीज 17. दम पूर्ण असताना शंभरातले 21 वार लागतात, दम संपलेला असेल तर जेमतेम 13. समोरच्याची चपळाई त्यातूनही वजा होते. आता पात्र बनवताना रेडगार्ड ही जमात घ्या, लाँग ब्लेड (लांब तलवार) हे मेजर, म्हणजे मुख्य, स्किल ठेवा, स्पेशलायझेशन कॉम्बॅट, म्हणजे लढाईचं. स्किल सुरुवातीलाच 50 आणि शंभरात 77 वार लागू. फक्त हातात तलवार हवी. दिसेल ते शस्त्र उचलून लढायला जाणं हीच इथली सगळ्यात महाग चूक. कठीणपणाची पट्टी खाली ओढूनही हे सुटत नाही, कारण ती फक्त इजा कमी-जास्त करते. नेम सुधारत नाही.

दुसरी चूक पळण्याची. गाव ते गुहा धावत गेलात की दमाची हिरवी पट्टी रिकामी होते आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो. मंत्रसुद्धा फसतात. शत्रू दिसायच्या आधी चालायला लागा, नाहीतर दोन मिनिटं थांबा. घाट चढून आल्याआल्या कुणी कुस्ती मांडतं का?

बाणाची वाट पाहू नका. हल्लीच्या गेममध्ये 'इथे जा' म्हणणारा बाण असतो, इथे माणसं तोंडी पत्ता सांगतात, अगदी आपल्याकडे गावात सांगतात तसा. बालमोरा गावाच्या दक्षिणेला बाहेर पड, मग पूर्वेला मूनमॉथ किल्ल्याच्या पुढे जा, जुना पूल ओलांड, पाईपवरचं हँडल फिरव. आर्कंगथँडच्या अवशेषांपर्यंत तुम्ही असेच पोचता. हा पत्ता मी भराभर क्लिक करत वाचला आणि तासभर डोंगरांत भटकलो. पत्ता बरोबर होता, मीच वाचला नव्हता. तिथून शोधून आणायच्या कोडे-पेटीची गोष्ट मात्र वेगळी. ती एका बाजूच्या खोलीत फडताळावर आहे, मुठीएवढी, आणि भल्याभल्यांची ती नजरेतून सुटते. अर्धा तास शोधून सापडली नाही तर सरळ उत्तर बघा. तिथे हट्ट करण्यात काही अर्थ नाही.

बालमोरात केयस कोसेडिस नावाचा उघडाबंब म्हातारा भेटतो. तो हातावर 200 नाणी टेकवतो आणि सांगतो, जा, जरा अनुभव घेऊन ये. पुष्कळांना वाटतं, कथा इथेच अडकली. अहो, तो खरंच तेवढंच सांगतोय! एखाद्या गिल्डमध्ये, म्हणजे संघटनेत, नाव घाला, त्या पैशांतून आपल्या मुख्य स्किलचं ट्रेनिंग घ्या. लेव्हल वाढवताना प्रत्येक गुण पाचपट मिळावा म्हणून वही घेऊन मात्र बसू नका. मी बसलो होतो. दुसऱ्यांदा गेम सुटला तो त्या वहीपायी.

सेव्हबद्दल थोडक्यात: एकच स्लॉट वापरू नका. इथे कथेतली महत्त्वाची माणसंसुद्धा मरतात. असं कुणी मेलं की भविष्यवाणीचा धागा तुटल्याचा संदेश येतो, आणि मागचा सेव्ह नसेल तर मूळ कथेची वाट तिथेच जवळजवळ बंद.

गेम सारखा बंद पडत असेल तर 'ओपनएमडब्ल्यू' हे मोफत इंजिन टाका. मूळ गेमच्या फायली तुमच्याकडे असाव्या लागतात, पण विंडोज, लिनक्स, मॅक कशावरही ते बरं चालतं.

राहता राहिले क्लिफ रेसर, डोक्यावर किंचाळत घिरट्या घालणारे ते पक्षी. स्किल वाढवा, दम राखा, तरी ते येतातच, रस्ताभर. त्यांना गप्प करणारे मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल, मिळतात. शुद्ध अनुभव वगैरेच्या गप्पा मीही मारायचो. मॉड दुसऱ्याच दिवशी लावला.