जुन्या ट्यूब सेटच्या पॉवर सप्लायचे व्होल्टेज तपासताना

जुना हॅम (हौशी रेडिओचा) सेट हातात आला की लगेच प्लग लावून बघावंसं वाटतं, पण वर्षानुवर्षं बंद असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर तो तापून फुटू शकतो, वर ट्रान्सफॉर्मरही जातो आणि तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणं फार अवघड. म्हणून आधी सेट बंद असतानाच एचटी (हाय टेन्शन, म्हणजे ट्यूबच्या प्लेटला जाणारं उंच डीसी व्होल्टेज) लाइन आणि चॅसी, म्हणजे धातूचा सांगाडा, यांच्यामध्ये ओहम मोजा, शॉर्ट दिसला तर तिथेच थांबा.

हे व्होल्टेज जिवावर बेतणारे आहेत बरं का. कॉलिन्सच्या ५१६एफ-२ पॉवर सप्लायमध्ये साधारण ८०० आणि २७५ व्होल्ट असतात, ड्रेकच्या एसी-४ मध्ये ६५० आणि २५०, आणि स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर असतो खरा, पण तो ओपन झालेला (आतून तुटलेला) असू शकतो, त्यावर भरवसा ठेवू नका. प्लग काढायचा, २० किलोओहमच्या आसपासचा १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरने लावून डिस्चार्ज करायचा आणि मग मीटरने शून्य आलंय का ते बघायचं. अजून एक, ज्या कपॅसिटरच्या डब्यावर पुठ्ठ्याचं आवरण असतं त्याचा डबा बहुतेक वेळा चॅसीला जोडलेला नसतो, त्यावरच शेकडो व्होल्ट असू शकतात.

मीटर आणि प्रोब १००० व्होल्टचे हवेत. काळी प्रोब सेट बंद असतानाच क्लिपने चॅसीला अडकवा, नंतर फक्त एक हात वापरा, दुसरा खिशात.

आता मेन्सच्या लाइनमध्ये सिरीज बल्ब (करंट आवरायला) किंवा व्होल्टेज कमी-जास्त करणारा व्हेरिअ‍ॅक लावून हळूहळू चालू करा. पहिलं मोजायचं ते फिलामेंट (ट्यूब तापवणारी तार), मीटर एसीवर, ६.३ किंवा १२.६ व्होल्ट. ११७ व्होल्टसाठी बनवलेल्या सेटला १२४ मिळत असतील तर सगळेच आकडे ६ टक्के वर दिसणार, तो फॉल्ट नाही.

त्यानंतर बायस (ट्यूबचा करंट आवरणारं ग्रिडवरचं निगेटिव्ह व्होल्टेज), आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. फायनल (शेवटच्या, पॉवर देणाऱ्या) ट्यूबच्या ग्रिडला निगेटिव्ह बायस नसेल तर ट्रान्समिटला टाकताच प्लेट लाल होते आणि ट्यूब गेलीच समजा. मॅन्युअलमधला निगेटिव्ह आकडा आल्याशिवाय की (ट्रान्समिटची कळ) दाबू नका. कमी येत असेल तर सेलेनियम रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) बघा, जुना झाला की त्याचा आउटपुट पडतो, शिवाय बायसच्या पॉटचा (बायस जुळवायच्या फिरत्या रेझिस्टरचा) कॉन्टॅक्टही खराब होतो. इथे डिजिटल मीटरच वापरा कारण २० किलोओहम प्रति व्होल्टचा काट्याचा मीटर ५० व्होल्ट रेंजवर फक्त १ मेगओहमचा असतो, ग्रिडवर मोजलं तर तो सर्किटलाच खाली ओढतो आणि आकडा चुकीचा येतो.

शेवटी एचटी, आधी लोडशिवाय, मग डमी लोड (अँटेनाऐवजीचा रेझिस्टर) लावून थोडा वेळ की दाबून. थोडं पडणारच, पण धाडकन खाली आलं आणि एसी रेंजवर रिपलही (डीसीत उरलेली एसीची लहर) खूप दिसला तर फिल्टर कपॅसिटर सुकलेत, ते बदला.